द्वारकाकाकूंचा गज

द्वारकाकाकूंनी मला पहिल्यांदा मारलं तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि त्यांची माझी ओळख होऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती. आईनं मला त्यांच्या ओट्यावर नेऊन बसवलं, "सुट्टीभर नुसती लोळते घरात, हिला काहीतरी शिकवा," असं म्हणाली आणि गॅसवर भात आहे म्हणून पळाली. काकूंनी मला एक सुई, दोऱ्याचं रीळ आणि कोऱ्या कापडाचा तुकडा दिला. मी शहाणपणा करून चांगला दोन हात लांब दोरा ओवला, म्हणजे पुन्हा पुन्हा ओवायला नको. तेवढ्यात उजव्या हाताच्या बोटांवर फाडकन काहीतरी बसलं. हात आधी बधिर झाला आणि मग पेटला.

"दोरा बोटापासनं कोपरापरत," काकू म्हणाल्या. "जास्ती घेतलास तर गुतंल. गुतला का तू तो तोरशील. तोरलास का परत मार खाशील. समाजला?"

मला समजलं. आता मी पन्नाशीला आले, नवऱ्याच्या शर्टाचं बटण लावतानासुद्धा अजून दोरा कोपरापाशीच तोडते.

मारायचं हत्यार होतं कापड मोजायचा लाकडी गज. दोन्ही टोकांना पितळी टोप्या, मधे घासून पुसट झालेल्या खुणा. लूमच्या कारखान्यात तागे मोजून घड्या घालतात तिथला तो जुना गज होता, आणि काकूंचे यजमान काशीनाथ यांनी तो आणला होता. काशीनाथ चाळीमागच्याच शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. माणूस कामात हुशार होता, हे त्यांचे शत्रूही सांगायचे. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं चांगलं तेवढंच.

आमची चाळ आठ खोल्यांची, त्या शेडला पाठ लावून उभी. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून, आम्ही तिसऱ्या खोलीत. काकू पहिल्या खोलीत, कारण चाळ त्यांच्या थोरल्या दिरांची होती. भिंतीपलीकडे दिवसरात्र खटखट चालू. पाहुणे यायचे ते कानात बोटं घालून बसायचे, आणि आम्हाला मात्र ती ऐकूच यायची नाही. ऐकू यायची ती खटखट थांबली की. शुक्रवारी पॉवर बंद असायची, लूम बंद असायचे, आणि आठवडाभर जे भिंतींच्या आत मुरत होतं ते शुक्रवारी स्पष्ट ऐकू यायचं. पहिल्या खोलीत भांडं आपटायचं. मग काशीनाथांचा आवाज. मग दुसरे आवाज, जे कशाचे हे आम्हा पोरांना विचारावं लागत नव्हतं.

त्या वेळी माझे वडील रेडिओ मोठा करायचे. रागाने लिहिते आहे, पण लिहिते. शुक्रवारी दुपारी आमच्या घरचा रेडिओ अख्ख्या चाळीत ऐकू जाई. "त्यांचं त्यांच्यात," वडील म्हणत. घरमालकाच्या भावाशी कोण वाकडं घेणार! बाकीच्या सहा खोल्याही याच मताच्या होत्या. शनिवारी सकाळी काकू कपाळावर हळद चेपून ओट्यावर यायच्या आणि आम्हाला मारायला लागायच्या.

काकूंना मूल नव्हतं. दोनदा राहिलं होतं, दोन्ही वेळा गेलं. कसं गेलं हे आईनं मला मी कॉलेजात गेल्यावर सांगितलं.

मग एवढा मार खायला आम्ही जात कशाला होतो? कारण त्या ओट्याइतकी मजा भिवंडीत दुसरीकडे कुठेच नव्हती. कारखान्यातून काठाच्या चिंध्या पोत्यांनी यायच्या. त्यांच्या आम्ही बाहुल्या केल्या, चेंडू केले, पायपुसणी केली, पाटीला पिशव्या केल्या, आणि एकदा तर आठ जणांनी मिळून काकूंच्या बकरीला झूल शिवली. बकरी ती झूल घालून चाळभर मिरवली आणि संध्याकाळपर्यंत तिनं ती निम्मी खाल्ली. काकू त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बाहुली झाली की ती भिंतीवर आपटून बघायची, हा नियम. मुंडकं लोंबलं तर बाहुली नापास. "पोरांच्या हातान जानार हाय ती," काकू म्हणायच्या, "पोरा काय तिला ववालनार हायत? आपट!" आणि आम्ही आपटायचो. आठ पोरं भिंतीवर बाहुल्या आपटतायत आणि मधोमध एक बाई गज घेऊन उभी आहे, हे बघून नवा पोस्टमन एकदा पत्रं न देताच परत गेला.

काकूंचं माहेर कशेळीचं, अगदी खाडीवरचं. त्यांचा बाप शिडाच्या होड्या चालवायचा आणि शिडं शिवायचं काम घरच्या पोरींचं. काकू सहाव्या वर्षी हातात दाभण घेऊन बसल्या होत्या. बापाच्या हातात दोराचा पीळ असायचा. "बाप बोलायचा, फराक फाटला तर लाज जाते, शीर फाटला तर मानूस जातं," एवढंच त्या त्याबद्दल सांगत. त्यामुळे रुमालाची दुमडसुद्धा त्या शिडासारखी ओढून बघायच्या. शिवलेलं कापड दोन्ही मुठींत धरायचं, शिवणीवर हिसका द्यायचा आणि विचारायचं, "सुटंल?"

शिवणाऱ्यानं ओरडून सांगायचं, "न्हाय सुटायचा!"

सुटला तर त्याच हातावर एक. सुटला नाही तर काही नाही. शाबासकी वगैरे भानगड नव्हती. धावदोरा, म्हणजे नुसती पुढे पुढे पळणारी शिवण, काकूंना मुळीच खपत नसे. ती एका टोकाला निसटली की सगळी निसटते. उलटी टीप घालायची, दर टाक्याला एक पाऊल मागे जाऊन पुढे यायचं. आणि गंमत म्हणजे त्या आठही जणांचे टाके ओळखायच्या. ढिगातून एक पिशवी उचलायची आणि म्हणायचं, "ह्यो दिन्याचा, हात गरम हाय त्याचा. ही आपली कारकुनीन." कारकुनीन म्हणजे मी. माझी टीप सगळ्यांत बारीक होती आणि मला त्याची भारी घमेंड होती.

दिन्या आमच्यातला एकटा मुलगा. बाहुलीचे केस त्याच्याइतके सुरेख कोणाला जमत नसत. एकदा त्याचा बाप ओट्यावर आला आणि पोराच्या हातात सुई बघून त्यानं त्याच्या फाडकन थोबाडीत दिली. "बायकांची कामं करतोस?" दुसरी थप्पड उगारली तोच काकूंचा गज त्याच्या मनगटावर बसला. पितळी टोपीचा आवाज आला. तो मनगट धरून खालीच बसला.

"पोरगा तुजा हाय, घरी नेऊन मार," काकू म्हणाल्या. "माजे ओट्यावं मारनारी मी एकली."

दिन्याचा बाप पुन्हा आला नाही, दिन्या मात्र आला. काकूंनी त्याच दुपारी त्याला वाकड्या टाक्याबद्दल हाणलं. आम्हाला यात काहीच विचित्र वाटलं नाही. ओट्यावरचा मार कशाबद्दल आहे हे दर वेळी माहीत असायचं, आणि टाका सरळ आला की तो संपायचा. भिंतीआडच्या शुक्रवारच्या माराला असं काही नव्हतं.

मग दंगलीचं वर्ष आलं. मे महिना, दुपारची वेळ, आम्ही ओट्यावर काज करायला शिकत होतो. रस्त्याच्या तोंडाशी आरडाओरडा झाला आणि शटरं पडायला लागली. काकूंनी आम्हाला मानगुटीला धरून एकेकाला आत फेकलं आणि दाराला आतून कडी घातली. बाकीच्यांना त्यांच्या आयांनी मागच्या बोळातून नेलं. शबाना राहिली. ती दोन गल्ल्या पलीकडची, तिचा बाप लूमवर कारागीर. तिला न्यायला कोणी येऊ शकत नव्हतं आणि पाठवणंही शक्य नव्हतं. मग कर्फ्यू लागला. ती चार दिवस काकूंच्या खोलीत होती, आणि तिला सोबत म्हणून आई मला सकाळी मागच्या दारानं तिथे सोडायची.

त्या चार दिवसांत जळक्या कापडाचा वास सगळीकडे होता. मी एकदा खिडकीच्या फटीतून बघितलं. गल्लीच्या टोकाला एक माणूस जमिनीवर पडला होता आणि चार-पाच जण काठ्यांनी त्याला मारत होते. तो हलायचा थांबला तरी ते थांबले नाहीत. काकूंनी माझी वेणी धरून मला मागे ओढलं आणि हातात सुई कोंबली. पत्र्यावर दगड पडायला लागले तसा काकूंचा आवाज वाढत गेला. "टाका! मागं! पुरं! टाका! मागं! पुरं!" शबाना हुंदके देत होती. काकू तिच्यावर खेकसल्या, "रोना है तो रो! मगर टाका मत चूक!" ती रडत राहिली आणि शिवत राहिली. चार दिवसांत तिची एक अख्खी गोधडीची पिशवी झाली. पाचव्या दिवशी तिचा बाप पोलिसाला घेऊन आला, तेव्हा पोरीला कवेत घ्यायच्या आधी त्याला पिशवी ओढून बघावी लागली. काकूंनी ओढायला लावली. "सुटंल?" त्यांनी विचारलं, आणि शबाना बापाच्या अंगावर ओरडली, "न्हाय सुटायचा!"

पण लूम बंद म्हणजे काशीनाथ घरी. दंगलीत भिवंडीला रोजचाच शुक्रवार होता. तिसऱ्या दिवशी त्यांची दारू संपली. बाहेर मिळायची सोय नव्हती, आणि त्यांनी आम्हा दोघींच्या समोर काकूंना मारायला सुरुवात केली. इतकी वर्षं निदान पोरांसमोर त्यांचा हात उठला नव्हता. काकू एवढंच म्हणत होत्या, "पोरांसमोर नको. अवो, पोरांसमोर नको." काशीनाथांनी केस धरून काकूंचं डोकं शिलाई मशीनच्या पायावर आपटलं. शबानाने माझा हात इतका घट्ट धरला की तिची सुई माझ्या तळव्यात गेली. काकूंनी उठून तोंड धुतलं, आमच्यासमोर बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "काय बघताव? टाका घाला."

दंगल निवली. लूम सुरू झाले. काशीनाथांना मात्र एकदा पडदा फाटल्यावर मागेपुढे बघायचं कारण उरलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोरं पुन्हा ओट्यावर जमलो, तेव्हा ते दारात येऊन सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही धर्मशाला बंद. परत एक पोर ओट्यावर दिसला ना, तर जो हात शिकवतो तो हात मोरून ठेवीन."

हे त्यांनी बुधवारी सांगितलं. गुरुवारी ओटा रिकामा होता. काकू एकट्याच उंबऱ्यात बसलेल्या, हातात काही काम नाही. त्या माउलीला मी रिकाम्या हातांनी बसलेली त्याआधी कधी बघितली नव्हती. मला रडू आलं.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर काकूंनी आम्हाला मागच्या बोळातून एकेकाला बोलावलं. ओठांवर बोट. आत काशीनाथ झोपले होते. रात्रपाळी करून, सकाळी पिऊन, आडवे. रात्रपाळीवाले झोपतात तसे डोक्यापासून पायापर्यंत जाड कोरी चादर ओढून. अंगाखाली काकूंची मोठी गोधडी. काकूंनी आम्हा प्रत्येकाच्या हातात दाभण दिलं, दुहेरी दोरा दिला, मेणबत्तीवर ओढून ताठ केलेला.

"चादर गोधरीला शिवायची," त्या कुजबुजल्या. "चारी बाजूनी. उलटी टीप."

खोटं कशाला सांगू, आम्हाला गंमत वाटत होती. दिन्या तोंडात रुमाल कोंबून हसत होता. बकरीच्या झुलीनंतर एवढी मोठी मजा झाली नव्हती. प्रत्येकाला हातभर जागा वाटून दिली होती. डोक्याची बाजू काकूंनी स्वतःकडे घेतली. आणि काशीनाथांचा उजवा हात ज्या अंगाला होता, ती बाजू माझी. "कारकुनीन, तुजी टीप बारीक हाय. हिकरं तू," त्या म्हणाल्या.

मी बसले. त्यांचा हात चादरीखाली माझ्या गुडघ्यापासून वीतभर होता. बोटं झोपेत हलत होती. दारूचा वास येत होता. दोन टाके मी नीट घातले. उलट्या टिपेला दाभण दर वेळी मागे न्यावं लागतं, आणि मागे नेलं की ते त्या हाताला लागेल असं मला वाटलं. तिसऱ्या टाक्याला मी मागे गेले नाही. चौथ्यालाही नाही. मी धावदोरा घातला, बोटबोट लांबीचा, भराभर, आणि सगळ्यांच्या आधी हात वर केला.

काकू एकेकाची शिवण हलक्या हिसक्यानं ओढून बघत फिरत होत्या. त्या दिवशी 'सुटंल?' नुसत्या डोळ्यांनी विचारत होत्या आणि पोरं मानेनं सांगत होती. त्या माझ्यापाशी वाकल्या तोच काशीनाथ झोपेत हुंकारले. काकूंनी हात आखडता घेतला. माझी शिवण ओढून बघायची राहिली.

"भायेर व्हा," त्या म्हणाल्या. आम्ही ओट्यावर गेलो आणि अर्थातच दाराच्या फटीला डोळे लावले.

काकूंनी साडी खोचली, गज दोन्ही हातांत धरला आणि मारायला सुरुवात केली. पाठीवर, मांड्यांवर, खांद्यांवर. चादरीतून आधी शिव्या आल्या, मग नुसती किंकाळी आली. चादर उसळत होती, गोधडी जागची हलत होती, आणि शिवण धरून होती. काकू बोलत काही नव्हत्या. फक्त दर फटक्यामागे दातांतून श्वास सोडत होत्या. ही गंमत नाही, हे तेव्हा कुठे आम्हाला उमगलं. दिन्याच्या तोंडातला रुमाल खाली पडला. शुक्रवार होता, खटखट बंद होती, चाळीत प्रत्येक फटका ऐकू जात होता. वडिलांनी रेडिओ मोठा केला. त्यांना वाटलं, नेहमीचंच.

मग तो आवाज आला. आम्ही आठही जण तो ओळखत होतो. दोरा एका टोकाला निसटून सबंध लांबी सुटत जाते तेव्हा येतो तो. आणि माझ्या बाजूनं तो हात बाहेर आला.

पुढचं फार भरभर झालं. त्यांनी गज धरला, मग काकूंना धरलं. गज त्यांच्या हातात गेला. त्यांनी काकूंचा उजवा हात मशीनच्या फळीवर दाबून ठेवला आणि म्हणाले, "ह्योच ना? ह्योच ना शिकवतं?" गज तीनदा खाली आला. तिसऱ्या वेळेला आलेला आवाज लाकडाचा नव्हता.

आम्ही किंचाळलो. आठ पोरं एकदम. आणि वडिलांचा रेडिओ बंद झाला. ते अनवाणी धावत आले, त्यांच्यामागे आई, मग चौथ्या खोलीतले, सहाव्या खोलीतले. चौघांनी मिळून काशीनाथांना भिंतीशी धरलं. वडिलांनी त्यांच्या तोंडात दिली. माझ्या वडिलांनी आयुष्यात दुसऱ्या कुणावर हात उचलल्याचं मला माहीत नाही. तिसऱ्या खोलीतून पहिल्या खोलीत यायला त्यांना तीन वर्षं लागली होती, हे मी त्यांना कधीच बोलून दाखवलं नाही. ते गेले तेव्हाही नाही.

हाडवैद्यानं फळ्या बांधल्या. तीन बोटं वाकडी जुळली. बायका भेटायला यायच्या आणि विचारायच्या, "अहो, पण सुटला कसा?" काकू उशीला टेकून सांगायच्या, "कापर कुजका व्हता."

कापड कुजकं नव्हतं. त्याच आठवड्यात लूमवरून उतरलेलं कोरं करकरीत होतं. हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. मी आईच्या पदराआड उभी होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाणी मागितलं.

त्यानंतर मी ओट्यावर गेले नाही. परीक्षा आहे म्हटलं, पोटात दुखतं म्हटलं. महिन्याभरात काकू पुन्हा दिसू लागल्या. मी आमच्या खिडकीतून बघायचे. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा ठेवून त्या डाव्या हातानं पोत्याच्या तुकड्यावर दाभण चालवायच्या. टाका तिरका गेला की स्वतःच्याच गुडघ्यावर गज मारायच्या. उन्हाळ्यापर्यंत ओटा पुन्हा भरला. आता कोणी बंद कर म्हणायला नव्हतं, कारण काशीनाथ घरी झोपेनासे झाले होते. शेडमध्ये ताग्यांवर, खटखटीत झोपायचे, आणि थंडीतसुद्धा अंगावर काही घ्यायचे नाहीत. पुन्हा कधी हात उचललाच नाही असं मी म्हणणार नाही, उचलला असेल. पण ओट्यावर आठ पोरं सुई घेऊन बसलेली दिसली की ते रस्ता ओलांडून पलीकडून जायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढच्या वर्षी वडिलांची बदली झाली आणि आम्ही चाळ सोडली.

मध्ये चौदा वर्षं गेली. मला नोकरी लागली, लग्न ठरलं. मी सुखात होते, पण शिवण उसवायचा आवाज आला की माझ्या हाताला घाम फुटायचा. कपड्याच्या दुकानात, शेजारणीच्या घरी, कुठेही. शेवटी एका रविवारी मी पत्ता काढत निघाले. काशीनाथ दारूनं गेले होते आणि काकू भिवंडीजवळच पूर्ण्याला भाच्याकडे राहत होत्या. तिथे तेव्हा शेतांवर एकामागून एक गोदामं उभी राहायला लागली होती. भाच्याच्या अंगणात, पत्र्याच्या सावलीत, गोदामांतल्या हमालांची पाच-सहा पोरं घोळका करून बसली होती. कोणी यूपीचं, कोणी मराठवाड्याचं. मधे काकू. केस पांढरे, पाठ ताठ. मांडीवर गज.

"कारकुनीन," त्या म्हणाल्या. चष्मासुद्धा लावला नव्हता. "जाडी झालीस."

मी चपला काढून पोरांच्या रांगेतच बसले. चहा आला. आईची चौकशी झाली, शबानाचं लग्न होऊन ती मालेगावला गेल्याचं कळलं, दिन्यानं कल्याणला टेलरिंगचं दुकान काढल्याचं कळलं. मग मी एकदम बोलून टाकलं. "काकू, ती बाजू माझी होती. मी धावदोरा घातला होता."

"म्हाईत हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चादर कोनी उसवली मंग? मीच डाव्या हातान बसून उसवली. तुजे बाजूला दोन टाके बराबर. पुरं सगला धावता." त्या पोरांकडेच बघत होत्या. एकाचा दोरा लांब झाला होता, त्याच्याकडे त्यांनी गज नुसता हलवला. पोरानं दोरा तोडला.

"मग तुम्ही कापड कुजकं होतं म्हणालात..."

"अकरा वर्साची पोर. त्याचे हाताशी मीच बसवली तुला," काकू म्हणाल्या. "नि वरून बघितला बी न्हाय. माजा बाप असता तर पयला माना मारला असता." त्यांनी उजवा हात उचलून माझ्यासमोर धरला. तीन बोटं एकमेकांवर चढलेली. "मारला देवानी. झाला माजा."

त्यांचं झालं होतं. माझं राहिलं होतं. मला रडायचं नव्हतं, पण मी रडले, आणि रडता रडता उजव्या हाताची मूठ करून त्यांच्यासमोर जमिनीवर टेकवली. पोरं टाके सोडून बघायला लागली.

काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, आता हात फिरवतील पाठीवरून. म्हातारी माणसं फिरवतात. त्यांनी डाव्या हातानं गज उचलला, नीट पकडला आणि मारला. हात राखला नाही. मधल्या बोटाचं कातडं सोललं. हात आधी बधिर झाला आणि मग पेटला.

"झाला," काकू म्हणाल्या. "आता पोरांचे टाके बघ जरा. माना सांजंला दिसत न्हाय."

मी अंधार पडेपर्यंत तिथे बसून शिवणी ओढून बघत होते. परतीच्या बसमध्ये मला उजव्या हातानं दांडी धरता येईना, डाव्या हातानं धरली. काकूंना मी त्यानंतर बघितलं नाही. दोन वर्षांनी त्या गेल्याचं दिन्याकडून कळलं. त्या दिवशी बस वळेपर्यंत त्या अंगणातल्या दिव्याखाली दिसत होत्या, एका लहान पोरीची पिशवी दोन्ही मुठींत धरून, चांगल्या आणि वाकड्या, हिसका द्यायच्या तयारीत.

सूज उतरायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी हात दुखेनासा झाला, आणि मला वाईट वाटलं.